सणाचं गोड किती खावं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पंचवटीतल्या आमच्या भजनी मंडळात एकादशीचं भजन आटोपलं, की चपला घालता घालता कुणीतरी हळूच विचारतं, "ताई, ते प्रसादाचं जरा सांगा ना." श्रावण लागला की तेच प्रश्न फोनवर येतात आणि संक्रांतीपर्यंत थांबत नाहीत. म्हणून एकदाचे लिहून काढले. मी डॉक्टर नाही, शास्त्रीबुवांच्या घरातलीही नाही. यजमानांना मधुमेह, तीस वर्षं नैवेद्याचा स्वयंपाक आणि पोथी समजून वाचायची खोड, एवढंच माझं भांडवल. गोळ्या-इन्सुलिनचं ज्याचं त्यानं आपल्या डॉक्टरांना विचारावं.

१. सणाला गोड कमी खाल्लं तर देवाचा अपमान होतो का?

नाही होत. रामनवमीला दुपारी बारा वाजता पाळणा हलतो आणि सुंठवडा वाटतात. किती? चिमूटभर. ती चिमूट जिभेवर टाकून लोक हात जोडतात आणि निघतात. रामजन्माचा प्रसाद थोडा मिळाला म्हणून कुणी रडत बसल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. पोरं दुसऱ्यांदा हात पुढे करतात, ती गोष्ट वेगळी.

प्रसादाचं माप तळहात आहे. ताटभर गोड वाढतो तो पाहुणचार. तोही चांगला, पण ती आपली हौस आणि रीत. या दोन गोष्टींची गल्लत झाली की "देवाचं आहे, घ्यायलाच हवं" म्हणत तिसरी जिलेबी ताटात येते. खालची बरीचशी उत्तरं प्रसाद वेगळा नि पंगत वेगळी एवढ्यावरच उभी आहेत.

२. हे ग्रंथात कुठे आहे, की आताच्या डॉक्टरांनी काढलेलं खूळ?

गीतेच्या सहाव्या अध्यायात १६ आणि १७ हे दोन श्लोक सलग आहेत. फार खाणाऱ्याला योग साधत नाही आणि अजिबात न खाणाऱ्यालाही साधत नाही. ज्याचा आहार-विहार बेताचा, त्याला साधतो. लोक यातला पहिला भाग सांगतात आणि दुसरा विसरतात. सणाच्या दिवशी तोंड वाकडं करून गोडाला शिवायचंच नाही, हाही बेत नव्हे.

आणि "वदनि कवळ घेता" तर आपण शाळेच्या डब्यापासून म्हणत आलो. त्यातलं "उदरभरण नोहे" हे तीन सेकंदांत म्हणून टाकतो आणि लगेच उदरभरणाला लागतो. हा श्लोक समर्थ रामदासांच्या नावानं सांगतात. ते इथेच टाकळीला, नंदिनी-गोदावरीच्या संगमावर बारा वर्षं तप करत होते. माधुकरी मागून आणायची आणि मिळेल तेवढ्यात भागवायचं, असं परंपरा सांगते.

३. मग आग्रह करायचाच नाही का? नाही केला तर लोक नावं ठेवतात.

या प्रश्नावर मी जरा जास्त बोलणार, कारण इथे मी स्वतः चुकले आहे.

मुलाच्या साखरपुड्याला मी स्वतः श्रीखंड वाढत होते. धाकटे दीर पानावर हात आडवा धरून म्हणाले, "बास वहिनी." मी म्हटलं, "भावजी, पुतण्याचा साखरपुडा रोज होतो का?" त्यांनी हात काढला. दुसऱ्या फेरीला मी शपथ घातली. पुन्हा हात काढला. त्यांना वर्षभरापासून मधुमेह होता आणि हे फक्त जाऊबाईंना माहीत होतं. चारचौघांत सांगायला ते लाजले आणि मला पानावरचा हात दिसूनही कळला नाही. रात्री त्यांना घेरी आली, साखर चारशेच्या वर निघाली, दोन दिवस दवाखान्यात काढले. मला कुणी एका शब्दानं बोललं नाही. त्याचाच जास्त त्रास झाला.

तेव्हापासून आमच्या घरात तीन गोष्टी ठरल्या. पहिलं वाढणं लहान: वाटी मोठी असली तरी आत दोन चमचेच. मग एकदा विचारायचं, "आणखी देऊ?" पानावर हात आडवा आला की डाव मागे. शपथ बंद. आग्रह करायचाच तर मठ्ठ्याचा करावा, कोशिंबिरीचा करावा. आमच्याकडे आता भरताचा आग्रह होतो, लोक हसतात आणि खातात.

नावं ठेवणारे ठेवतात. ते श्रीखंड वाढलं तरी वेलची कमी पडली म्हणतात.

४. सत्यनारायणाचा प्रसाद नाकारला तर पाप लागतं म्हणतात. मला शुगर आहे, काय करू?

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न हाच. भीती कथेतून आलेली आहे, तेव्हा कथाच नीट पाहू.

कलावतीच्या नवऱ्याची नौका तीराला लागल्याचं कळतं. ती पूजा उरकते, पण प्रसाद न घेताच धावत सुटते आणि नौका दिसेनाशी होते. घरी परतून प्रसाद घेते तेव्हा नवरा परत मिळतो. दुसरा तुंगध्वज राजा. रानात गवळ्यांनी पूजा मांडलेली असते, ते प्रसाद आणून पुढे ठेवतात. राजा नमस्कारही करत नाही आणि प्रसादाला हातही लावत नाही, कारण वाढणारे गवळी. एकीची घाई, दुसऱ्याची घमेंड. "पोटभर खाल्लं नाही म्हणून कोप झाला" असं पाचही अध्यायांत कुठे नाही.

तेव्हा हात पुढे करा, उजव्या तळहातावर हरभऱ्याएवढा शिरा मागून घ्या, कपाळाला लावा, तोंडात टाका. द्रोण भरून हातात आलाच तर एक कण घेऊन उरलेला घरी न्या आणि ज्याला चालतो त्याला द्या. प्रसाद वाटून घेणं हा मान राखणंच आहे. डॉक्टरांनी काही दिवस एक कणही नको असं बजावलं असेल, तर नमस्कार करा आणि तीर्थ घ्या.

जाता जाता: शिरा सव्व्याच्या मापात करतात, तेही कथेतूनच आलेलं. सव्वा किलो, सव्वा वाटी, सव्वा चमचा, काहीही चालतं. माणसं आठ असताना सव्वा किलो रवा भाजायचा नवस कुणी बोललेला नसतो.

५. एका वेळच्या गोडात नेमकी किती साखर जाते?

मी एका दिवाळीत वजनकाटा घेऊन बसले होते. यजमान म्हणाले, आता सोनाराचं दुकानच काढ.

माझं श्रीखंड: अर्धा किलो चक्क्याला ४०० ग्रॅम साखर. जुन्या बायका बरोबरीनं घालतात. म्हणजे १०० ग्रॅमच्या वाटीत साधारण ४४ ग्रॅम, चहाचे जवळजवळ नऊ चमचे. पुरण: अर्धा किलो डाळ, अर्धा किलो गूळ, पोळ्या झाल्या बावीस. एका पोळीत २३ ग्रॅमच्या आसपास गूळ. प्रसादाचा शिरा चमचाभर घेतला तर तीन-चार ग्रॅम.

आता मोजपट्टी. जागतिक आरोग्य संघटना सांगते की वरून घातलेली साखर, गूळ, मध आणि फळांचा रस यांतून मिळणारी ऊर्जा एकूण उष्मांकाच्या १० टक्क्यांच्या आत असावी आणि ५ टक्क्यांच्या आत ठेवली तर आणखी बरं. २००० उष्मांक खाणाऱ्याला हे अनुक्रमे ५० आणि २५ ग्रॅम होतात. एका वाटी श्रीखंडात दिवसाचा कोटा जवळजवळ संपतो, सकाळ-संध्याकाळचा चहा अजून बाकी असतो. प्रसादाच्या चमच्यानं मात्र धडधाकट माणसाचं काही बिघडत नाही. पहिल्या उत्तरात म्हटलं ते आकड्यांतही असंच निघतं.

६. गूळ, मध, खडीसाखर तर चालते ना? सात्त्विक असते.

सात्त्विक असेल, पण साखरच आहे. गुळात थोडं लोह आणि खनिजं असतात हे खरं, पण बहुतांश भाग साखरेचाच. गूळ घातला म्हणून दोन पोळ्या जास्त खाणारे माझ्या ओळखीत सात-आठ आहेत, सगळे सुशिक्षित. मधुमेह असेल तर पंचामृतातली साखर आणि मध दोन्ही हिशेबात धरा. अर्थात पळीभरच पंचामृत, तिथे फार डोकं लावू नये.

७. नैवेद्यातच साखर कमी केली तर? आणि शुगर-फ्री घातलेलं देवाला चालतं का?

कमी केलेली चालते. नैवेद्य ताजा, सोवळ्यात केलेला आणि उष्टा नसलेला हवा. साखर किती, हे आईनं आजीकडून घेतलं आणि आपण आईकडून. "पान, फूल, फळ, पाणी" भक्तीनं दिलेलं मी घेतो, असं भगवंत नवव्या अध्यायात सांगतात. त्या यादीत बासुंदी नाही.

खरी अडचण वेगळीच आहे. नैवेद्य चाखायचा नसतो, त्यामुळे कमी साखर घातली आणि जमली का हे कळत नाही. मग भीतीनं हात सैल सुटतो. यावर उपाय म्हणजे आधी एखाद्या साध्या दिवशी करून बघायचं, चाखायचं आणि जमलेलं माप वहीत लिहायचं. माझ्या खिरीची साखर अशीच तीन वर्षांत निम्म्यावर आली. एकदम निम्मी केली असती तर घरात बंड झालं असतं. वेलची, जायफळ, केशर जरा सढळ घातलं की गोडी कमी असल्याचं पटकन लक्षात येत नाही.

शुगर-फ्रीचं म्हणाल तर मी नैवेद्यात घालत नाही. देवाला चालत नाही म्हणून नव्हे. साखर नाही म्हणताच माणसं चार वाट्या खातात म्हणून. मधुमेही माणसासाठी वेगळं काढायचं तर डॉक्टरांना विचारून जरूर करा.

द्राक्षांचा हंगाम असेल तर आपल्या नाशिकला फळांच्या नैवेद्याला काय तोटा? फक्त मधुमेह्यांनी घडच्या घड पुढ्यात घेऊन बसू नये. १०० ग्रॅम द्राक्षांत १५-१६ ग्रॅम साखर असते.

८. मोदक २१ हवेत, अनारसे ३३ हवेत. आमच्या घरात माणसं तीन. संपवायचे कुणी?

आकडा परंपरेचा आहे, आकार तुमचा. बोटाच्या पेराएवढ्या पाऱ्या करा, २१ मोदक एका छोट्या ताटलीत मावतात आणि दिसतातही गोड. माझी सून साच्यात करते. मला हाताच्या कळ्यांचेच आवडतात, पण हे आमचं आमचं भांडण.

अधिक महिन्यातले ३३ अनारसे म्हणजे मुळात अपूपदान. दान! दिव्यासोबत जावयाला द्यायचे, त्यानं तिथेच बसून संपवायचे नव्हेत. जावईही ते चार घरांत वाटू शकतो. २०२६ चा अधिक महिना ज्येष्ठाचा, म्हणजे ऐन मे-जूनमध्ये. त्या उकाड्यात तळलेलं किती खाववतं ते सांगायला नको.

९. प्रसाद टाकायचा नसतो. उरलेला मग मीच खाऊन टाकते. बरोबर ना?

हे "मीच" म्हणणाऱ्या शंभरातल्या शंभर बायका असतात. अन्न वाया घालवू नये हे सोळा आणे खरं, पण आपलं पोट म्हणजे उरलंसुरलं टाकायचं भांडं नव्हे.

आधी करतानाच कमी करा (प्रश्न ४ आणि ८ पाहा). उरलंच तर त्याच संध्याकाळी शेजारी, वॉचमनकडे, कामाला येणाऱ्या ताईंकडे पोचवा, आणि आंबायच्या आत, ताजं असताना. शिळं झाल्यावर दिलेलं दान म्हणजे कचऱ्याची वाट बदलणं. पुरण, करंज्या, लाडू फ्रीजरला टिकतात.

गायीला एक घास ठीक. पाटीभर पुरणपोळ्या घातल्या तर तिचं पोट फुगतं, बिचारी सणाच्या दुसऱ्या दिवशी तडफडते. आणि रामकुंडावर नेऊन गोदेत नैवेद्य सोडू नका, हात जोडून सांगते.

१०. एकादशीचा कडक उपवास आहे आणि साखर उतरून हातपाय थरथरतायत. गोड खाल्लं तर व्रत मोडतं का?

नाही मोडत, आणि अशा वेळी विचार करत बसू नका. व्रत न मोडणाऱ्या आठ गोष्टींचा जुना श्लोक आहे: पाणी, कंद, फळ, दूध, हवि (होमात अर्पण करायचं अन्न), ब्राह्मणाची इच्छा, गुरूचं वचन आणि शेवटी औषध. साखर उतरलेल्या माणसाला साखर हे औषधच.

मापावर साखर ७० च्या खाली दिसली, किंवा माप जवळ नाही पण घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी असं होतंय, तर १५ ग्रॅम साखर, म्हणजे चहाचे तीन चमचे, पाण्यात विरघळवून प्या. १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. नाही चढली तर पुन्हा तेवढीच. इथे पेढा किंवा लाडू कामाचा नाही, तुपा-खव्यातली साखर रक्तात सावकाश उतरते. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट दवाखाना गाठा.

इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर निर्जळी उपवास धरायच्या आधीच डॉक्टरांशी बोला. संयमाची मी एवढी बाजू घेते, पण इथे संयम म्हणजे फराळ वेळेवर करणं.

११. उष्टावणाला आणि बोरन्हाणाला काय करायचं? बाळाला सगळे भरवायला बघतात.

उष्टावणाची खीर मामानं चांदीच्या वाटीतून भरवावी, पण चमच्याच्या टोकाला लागेल एवढीच. दोन वर्षांच्या आत वरून साखर नको, असंच बालरोगतज्ज्ञ सांगतात. एक वर्षाच्या आत मध अजिबात नको, चाटवायचाही नाही. तान्ह्या बाळाला त्यातून गंभीर विषबाधा होऊ शकते. जन्मल्याबरोबर मध चाटवायची रीत जुनी आहे हे मला माहीत आहे. माझ्या नातवाच्या वेळी आम्ही सोन्याची अंगठी ओठांना नुसती टेकवली, आजेसासूबाईंनीही मान डोलावली.

बोरन्हाणात गोळ्या-चॉकलेटं डोक्यावरून ओततात आणि खाली पोरांची झुंबड. हलवा, शेंगदाणे, गोळ्या लहानग्याच्या घशात अडकू शकतात. चुरमुरे, बोरं वापरा. आणि बोर खायच्या आधी मोठ्यांनी बी काढून द्यावी.

१२. सोसायटीच्या गणपतीत दहा दिवस, दोन आरत्या, रोज पेढे. कसं आवरायचं?

खिरापत परत आणा! खोबरं, खारीक, खसखस, खडीसाखर, खिसमिस: पाच "ख"चं पंचखाद्य. चमचाभर हातावर पडतं, चावायला वेळ लागतो आणि खव्यासारखं विटतही नाही. आमच्या गल्लीत मागल्या खेपेला असं ठरलं: पहिल्या आणि शेवटच्या दिवशी मोदक, मधले दिवस खिरापत, फुटाणे, केळ्याचे काप. पोरं दोन दिवस कुरकुरली. तिसऱ्या दिवशी खिरापतीचा डबा आरतीच्या आधीच अर्धा झाला, तेव्हा कळलं की कुरकुर मिटली.

१३. श्राद्धाच्या पानातली खीर, किंवा तेराव्याचं गोड जेवण. तिथे तर नाही म्हणताच येत नाही.

तिथे नाही म्हणूच नये, एक घास घ्यावा. दुःखातल्या घराला आपला आहार समजावून सांगायची ती वेळ नव्हे. उरलेलं पानात राहू नये म्हणून वाढणाऱ्याला आधीच हळू आवाजात "थोडंच" म्हणा.

१४. आपल्याच सणांच्या मागे का लागता? बाकीच्यांकडे काय कमी गोड असतं?

नसतं. पण आवरही सगळ्यांकडे आहे. कुराणातच आहे, खा, प्या, पण अतिरेक करू नका. रोजा सोडतात तो खजुरानं, एक-दोनच. नाशिकरोडला बाळ येशूची यात्रा फेब्रुवारीत असते, आणि त्या सुमारास सुरू होणाऱ्या ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात माझी एक जुनी शिक्षिका मैत्रीण केक-बिस्किट बंद करते. म्हसरूळला गजपंथाच्या वाटेवर जैन कुटुंबं भेटतात, त्यांच्या आयंबिल नावाच्या व्रतात दूध, दही, तूप, तेल, गूळ-साखर काहीच नसतं. आणि आपल्याकडे वर्षाचा पहिला घास कडुनिंबाचा आहे. गुढीला साखरेची गाठी बांधतो, तोंडात मात्र आधी कडू.

१५. सासूबाई नव्वदीच्या आहेत, मधुमेह आहे, आणि होळीला पुरणपोळी हवीच म्हणतात. नाही म्हणू की देऊ?

द्या. मी तरी देईन, डॉक्टरांना विचारून. चाळिशीच्या माणसाला लावायचा नियम नव्वदीच्या माणसाला तसाच्या तसा लावू नये. त्या वयात ताटावरून रोज होणारी वादावादीही तब्येतीला घातकच. त्या दिवशीचा भात कमी करा, गोळी वेळेवर द्या, आणि पोळी दुपारी द्या, रात्री नको.

आमच्या सासूबाईंना शेवटच्या होळीला मी चतकोर पोळी दिली होती, दुधात कुस्करून, वर तुपाची धार. त्यांनी अर्धीच खाल्ली. उरलेली वाटी माझ्याकडे सरकवून म्हणाल्या, "पुरण जरा कमी वाटलं हो आज, सूनबाई."